साडेतीनशेच्या घरात पुल रिक्वेस्ट तुंबल्या आहेत, उपसा कुठून सुरू करावा?

प्रश्न

एका ओपन सोर्स लायब्ररीच्या गिटहब रिपॉझिटरीत आज ३४० पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे कोडमध्ये घ्यावेत म्हणून पाठवलेले बदल) उघड्या आहेत. मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) तिघं, सगळे नोकरी सांभाळून वेळ देणारे. तिघांचे मिळून आठवड्याला ९ तास होतात. आठवड्याला सरासरी १२ नवे पीआर येतात आणि ९ मार्गी लागतात. सगळ्यात जुना पीआर साडेचार वर्षांचा आहे. सीआयची (दर बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांची) एक फेरी २५ मिनिटांची आणि बऱ्याच पीआरमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट आहेत, म्हणजे ते मुख्य कोडशी आपोआप जुळत नाहीत.

सध्या दोन मतं आहेत. एक, वर्षभर हालचाल नसलेले पीआर बॉट लावून बंद करायचे. दुसरं, जुन्यात जुन्यापासून क्रमाने एकेक हातात घ्यायचा. पहिल्यात चांगलं काम फुकट जाण्याची भीती वाटते, दुसऱ्यात कधी संपणारच नाही असं वाटतं. कोणत्या वाटेनं जावं?

प्रतिसाद १

सुरुवातीला दोन्ही नको. आधी हिशेब मांडू. ९ तासांत ९ पीआर, म्हणजे एकामागे तासभर. आवक १२, जावक ९. आठवड्याला ३ ची भर. आज ३४० च्या ३४० बंद केले तरी सव्वादोन वर्षांत ढीग पुन्हा इथेच येईल. आणि आवक-जावक समान झाली पण ढीग तसाच राहिला, तर ३४० भागिले १२, म्हणजे प्रत्येक पीआर सरासरी २८ आठवडे ताटकळणार. महिन्याभरात निकाल लागावा असं वाटत असेल तर उघडे पीआर ५० च्या आसपास हवेत. म्हणजे कामं दोन आहेत: साचलेलं उपसणं आणि एका पीआरमागचा तास पाऊण तासावर आणणं. दुसरं झालं नाही तर पहिल्याला अर्थ नाही.

तो तास जातो कुठे हे बघा. कोड वाचण्यात कमी जातो, तोच कोड पुन्हा पुन्हा समजून घेण्यात जास्त. मेंटेनर शेरा देतो, लेखक तीन आठवड्यांनी बदल करतो, तोवर मेंटेनरच्या डोक्यातून सगळं पुसलेलं असतं. पीआर तिसऱ्यांदा उघडला जातो तेव्हा पहिली वीस मिनिटं 'हे नेमकं काय होतं' यातच जातात.

त्यामुळे पहिली पायरी: प्रत्येक पीआरवर आत्ता पाळी कोणाची आहे हे लेबलवर दिसलं पाहिजे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात 'रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत' आणि 'लेखकाच्या प्रतीक्षेत' अशी वेगळी लेबलं असतात, सीपायथॉनमध्येही (पायथॉन भाषेच्या मूळ प्रकल्पात) तशीच व्यवस्था आहे. तुम्हाला चार पुरतील: रिव्ह्यूची वाट, लेखकाची वाट, निर्णयाची वाट, मर्जला तयार. एका पीआरवर यांपैकी एकच. 'निर्णयाची वाट' हे लेबल वगळू नका. जुन्या ढिगातले बरेच पीआर कोडमुळे अडलेले नसतात. 'हे फीचर आपल्याला हवंय का' याचं उत्तर कोणीच दिलेलं नसतं. असा पीआर दहा जणांनी रिव्ह्यू केला तरी हलत नाही.

ही छाननी करताना कोड वाचायचा नाही. शीर्षक, वर्णन, शेवटचे दोन शेरे, किती फाइली आणि ओळी बदलल्या, सीआयचा रंग (हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास), बस. एका पीआरला तीन मिनिटं. ३४० ला १७ तास, तिघांत वाटून प्रत्येकी सहा तासही लागत नाहीत. दोन-दोन तासांच्या तीन बैठका घ्या आणि तेवढ्यापुरता नेहमीचा रिव्ह्यू थांबवा. छाननी करता करता 'एवढा एक छोटा आहे, मर्जच करून टाकतो' असा मोह होतो. तो आवरा, नाहीतर पहिल्या दहा-बारांवरच दोन तास संपतात.

कॉन्फ्लिक्ट कुठे आहेत हे पानोपानी जाऊन बघू नका. गिटहब प्रत्येक पीआरचं टोक 'रेफ्स/पुल/क्रमांक/हेड' या नावानं जपून ठेवतं, मूळ फोर्क (लेखकानं घेतलेली रिपॉझिटरीची प्रत) उडवला तरी. फेचच्या रेफस्पेकमध्ये (काय उतरवायचं ते सांगणाऱ्या ओळीत) क्रमांकाच्या जागी तारांकन टाकलं की सगळे एकदम उतरतात. मग प्रत्येकावर 'गिट मर्ज-ट्री' ही कमांड 'राइट-ट्री' पर्यायासह चालवा (गिट २.३८ किंवा पुढची आवृत्ती हवी). ती वर्किंग डिरेक्टरीला हात न लावता मर्ज करून बघते. एक्झिट कोड ० आला तर मर्ज स्वच्छ, १ आला तर कॉन्फ्लिक्ट. सोबत फाइलींची नावंही मिळतात, आणि खरा उपयोग त्यांचाच. पन्नास पीआर एकाच फाइलीवर अडले असतील तर दोष त्या फाइलीत आहे. असं झालं की आधी चेंजलॉग (बदलांची नोंद ठेवणारी फाइल) तपासा. प्रत्येक जण त्याच्या वरच्या चार ओळींत भर घालतो आणि एक मर्ज झाला की बाकीचे सगळे कॉन्फ्लिक्टमध्ये जातात. यावर उपाय म्हणजे दर पीआरमागे एक छोटी स्वतंत्र टिपणाची फाइल आणि रिलीजच्या वेळी सगळ्या एकत्र करणं. सीपायथॉन यासाठी 'ब्लर्ब' वापरतं, इतर बरेच पायथॉन प्रकल्प 'टाउनक्रायर'.

क्रमाबद्दल: जुन्यापासून सुरुवात करू नका. साडेचार वर्षांपूर्वीचा लेखक आज उत्तर देईल याची खात्री नाही, कालचा लेखक मात्र आज संध्याकाळी देईल. ९ तासांपैकी ६ तास नव्या आणि पाळी आपल्यावर असलेल्या पीआरना द्या, ३ तास जुन्या ढिगाला. नव्याला चार दिवसांच्या आत पहिलं उत्तर गेलंच पाहिजे, मग ते 'हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, घेणार नाही' असं का असेना.

प्रतिसाद २

वरच्याशी बहुतेक सहमत. बॉटबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथेच सगळ्यात जास्त मनं दुखावतात.

पीआरवर कोणी बोललं नाही एवढ्यावरून तो बंद करणं हा अन्याय आहे. लेखकानं सगळं केलंय, सीआय हिरवा आहे, वाट आपलीच बघतोय, आणि वर्षानं बॉट येऊन सांगतो की हालचाल नाही म्हणून बंद. तो माणूस पुन्हा येत नाही. शिवाय जे चिकाटीनं दर महिन्याला 'काही अपडेट?' विचारतात त्यांचे पीआर तगतात आणि शांत बसणाऱ्यांचे जातात. कामाच्या दर्जाशी त्याचा काही संबंध उरत नाही.

म्हणून बॉट लावायचाच तर फक्त 'लेखकाची वाट' या लेबलपुरता. गिटहबच्या 'स्टेल' अ‍ॅक्शनमध्ये ठरावीक लेबलपुरतंच काम करण्याचा पर्याय आहे. मूळ सेटिंग ६० दिवसांनी खूण आणि पुढच्या ७ दिवसांत बंद असं असतं. ७ दिवस फार कमी, माणूस सुट्टीवर असला तरी संपतात. निदान ३० ठेवा. कुबरनेटीसमध्ये ९० दिवसांनी पहिली खूण, त्यापुढे ३० दिवसांनी दुसरी आणि आणखी ३० दिवसांनी बंद, असे पाच महिने मिळतात. आणखी एक: एका फेरीत ही अ‍ॅक्शन ठरावीक क्रियाच करते, मूळ मर्यादा ३० आहे. ३४० च्या ढिगावर पहिल्यांदा चालवली की ती थोडेच पीआर हाताळून थांबते आणि 'बॉट चालत नाही' असं वाटतं. लगेच मर्यादा वाढवून एका रात्रीत दोनशे जणांना ईमेल पाठवू नका. रोज थोडे थोडे होऊ द्या, म्हणजे जे उत्तर देतील त्यांना तुम्हालाही उत्तर देता येईल.

लेबल हातानं बदलायला लागलं तर महिन्याभरात ती खोटी होतात. लेखकानं नवा कमिट ढकलला की 'लेखकाची वाट' निघून 'रिव्ह्यूची वाट' आपोआप लागलं पाहिजे. इथे एक खाच आहे. फोर्कवरून आलेल्या पीआरला 'पुल रिक्वेस्ट' इव्हेंटवर चालणाऱ्या वर्कफ्लोत (आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीत) टोकन, म्हणजे परवानगीची किल्ली, फक्त वाचण्यापुरतं मिळतं, त्यामुळे लेबल लावताना परवानगीचा एरर येतो. त्यासाठी 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' हा इव्हेंट लागतो. त्याच्या टोकनला लिहिण्याचे हक्क असू शकतात आणि गुप्त किल्ल्याही तिथे पोचतात. म्हणून त्या वर्कफ्लोत पीआरचा कोड कधीही चेकआउट करायचा नाही, बिल्ड तर मुळीच नाही. फक्त लेबल बदलायचं आणि थांबायचं. परवानग्याही तेवढ्याच द्यायच्या.

बंद करताना काय लिहायचं याचा नमुना देतो, हवा तसा बदला:

'या कामाबद्दल आभार. १४ मार्चला मागितलेले दोन बदल (रिकाम्या इनपुटची टेस्ट आणि जुन्या पॅरामीटरचं नाव कायम ठेवणं) अजून बाकी आहेत, म्हणून सध्या बंद करतो आहे. कल्पना आम्हाला हवी आहे. पुन्हा वेळ मिळाला तर आधी हाच पीआर पुन्हा उघडायला सांगा आणि मगच रिबेस करून ढकला. दुसऱ्या कोणाला हे पुढे न्यायचं असेल तर खुशाल न्यावं, फक्त मूळ लेखकाचं नाव राहू द्यावं.'

'आधी उघडा, मग ढकला' हा क्रम मुद्दाम घातलाय. रिबेस म्हणजे आपले कमिट ताज्या मुख्य ब्रँचवर नव्यानं रचणं, त्यानंतर फोर्स पुश (जुना इतिहास बदलून ढकलणं) करावा लागतो. बंद असताना ब्रँचवर फोर्स पुश झाला की गिटहब तो पीआर पुन्हा उघडू देत नाही. मग नवा पीआर काढावा लागतो आणि जुनी सगळी चर्चा मागे राहते.

आणि जे घ्यायचंच नाही ते 'सध्या बंद' म्हणू नका. स्पष्ट नकार द्या, कारण एका ओळीत सांगा. तीन वर्षं आशेवर ठेवण्यापेक्षा पहिल्या आठवड्यातला नकार जास्त आदराचा असतो.

प्रतिसाद ३

सीआयकडे बघू, कारण २५ मिनिटांची फेरी हा इथला लपलेला अडसर आहे.

'मर्जपूर्वी ब्रँच अद्ययावत हवी' हा नियम लावलाय का तपासा. असेल तर एक पीआर मर्ज झाला की बाकीचे सगळे शिळे. दहा तयार पीआर असतील आणि दर मर्जनंतर उरलेले सगळे अद्ययावत केले तर १०, ९, ८ असं करत ५५ फेऱ्या होतात. नियम काढला तर वेगळाच धोका. एका पीआरनं फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्यानं त्याच जुन्या नावानं नवीन जागी कॉल टाकला. ओळी वेगळ्या, म्हणून कॉन्फ्लिक्ट नाही. दोन्ही हिरवे. दोन्ही मर्ज झाले की मुख्य ब्रँच लाल.

यासाठीच मर्ज क्यू आहे. रांगेतला पीआर त्याच्या पुढच्या सगळ्यांसह मुख्य ब्रँचवर तात्पुरता जोडून तपासला जातो आणि हिरवा आला तरच आत घेतला जातो. गिटहबवर सार्वजनिक रिपॉझिटरीला ही सोय मिळते, पण रिपॉझिटरी संस्थेच्या खात्यात हवी, व्यक्तीच्या नाही. चालू करताना हमखास होणारी चूक: सीआयच्या वर्कफ्लोत 'मर्ज ग्रुप' हा इव्हेंट घालायचा राहतो. मग आवश्यक चेक कधी सुरूच होत नाही आणि रांग वेळ संपेपर्यंत अडकून राहते.

छोट्या पीआरसाठी रस्टची 'रोलअप' पद्धत उचला. टायपो, दस्तऐवज, एखादी टेस्ट असे आठ-दहा मंजूर पीआर एका ब्रँचवर एकत्र मर्ज करून सीआय एकदाच चालवायचा. लाल आला तर अर्धे अर्धे करून दोषी शोधायचा. स्क्वॉश (सगळे कमिट दाबून एकच करणं) मात्र करू नका. मूळ कमिट तसेच मुख्य ब्रँचमध्ये पोचले तरच गिटहब ते पीआर 'मर्ज झाले' असे दाखवतं. स्क्वॉश केलं तर ते नुसते उघडे राहतात आणि लेखकाला श्रेयही दिसत नाही.

डिपेंडंसी (आपण वापरत असलेल्या इतर लायब्ररी) अपडेटचे बॉट-पीआर ३४० मध्ये किती आहेत तेही मोजा. डिपेंडाबॉट मूळ सेटिंगमध्ये एका इकोसिस्टिमसाठी (पॅकेजच्या एका प्रकारासाठी) एका वेळी ५ पीआर उघडे ठेवतो. अनेक डिरेक्टरी असतील तर दर डिरेक्टरीला वेगळे. गट करून सगळे किरकोळ अपडेट एका पीआरमध्ये आणता येतात. आवक १२ वरून ९-१० वर आणायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

प्रश्नकर्ता

हिशेब डोळे उघडणारा आहे. छाननीच्या बैठका ठरवल्या. दोन गोष्टी राहिल्या. एक, दीड वर्षापूर्वी सगळ्या कोडवर फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) चालवला होता आणि त्याआधीचे ९० च्या आसपास पीआर त्यातच मोडले आहेत. दुसरं, लेखक गायब असलेला पण चांगला पीआर स्वतः पूर्ण करायचा तर रीत काय? आणि हाताखाली माणसं कशी वाढवायची?

प्रतिसाद ३

फॉरमॅटरचं उत्तर यांत्रिक आहे, कॉन्फ्लिक्ट हातानं सोडवत बसू नका. फॉरमॅट केलेला कमिट शोधा, त्याला 'फ' म्हणू आणि त्याच्या लगेच आधीच्याला 'प'.

पीआरच्या ब्रँचवर आधी 'प' मर्ज करा. इथे येतील ते कॉन्फ्लिक्ट खरे, ते सोडवावेच लागतात. मग 'फ' मर्ज करा, पण 'अवर्स' स्ट्रॅटेजीनं. यात 'फ' चा मजकूर घेतला जात नाही, फक्त इतिहास जोडला जातो. आता त्याच आवृत्तीचा फॉरमॅटर त्याच सेटिंगनं पूर्ण ब्रँचवर चालवा आणि कमिट करा. शेवटी आजची मुख्य ब्रँच मर्ज करा. जे उरतील ते पुन्हा खरेच कॉन्फ्लिक्ट.

दोन ठिकाणी घसरायला होतं. 'फ' मध्ये फॉरमॅटिंगशिवाय काही असेल, समजा फॉरमॅटरची सेटिंग फाइल किंवा एखादी चुकून सुधारलेली ओळ, तर 'अवर्स' तेही टाकून देतो, आणि नंतरच्या मर्जमध्ये गिटला तो बदल आधीच आलाय असं वाटतं. बदल मुकाट्यानं गायब होतो. म्हणून तिसऱ्या पायरीनंतर 'फ' शी फरक काढा, त्यात फक्त पीआरचाच बदल दिसला पाहिजे. दुसरं, फॉरमॅटरची आजची आवृत्ती वापरली तर ओळी वेगळ्या मोडतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. तेव्हाची आवृत्तीच हवी.

लक्षात घ्या, 'स्ट्रॅटेजी अवर्स' आणि 'स्ट्रॅटेजीचा पर्याय अवर्स' वेगळे आहेत. पर्यायवाला फक्त कॉन्फ्लिक्टच्या जागी आपली बाजू घेतो आणि बाकीचा 'फ' आत आणतो. इथे पहिलाच हवा.

प्रतिसाद ४

माणसांबद्दल. गिटहबवर संस्थेच्या रिपॉझिटरीत 'ट्रायाज' नावाची भूमिका असते. तिच्यात लेबल लावणं, पीआर बंद करणं किंवा पुन्हा उघडणं, रिव्ह्यू मागणं जमतं, कोड ढकलणं किंवा मर्ज करणं नाही. छाननीचं बहुतेक काम या हक्कांत होतं. जे लोक इतरांच्या पीआरवर आपणहून नेमके शेरे देतात त्यांना आधी विचारा. मात्र लिहिण्याचा हक्क नसलेल्याची मंजुरी 'आवश्यक मंजुऱ्यां'मध्ये मोजली जात नाही, आणि 'कोडओनर्स' फाइलीत (कोणत्या कोडला कोणाची मंजुरी लागते ती यादी) नाव घालायलाही लिहिण्याचा हक्क लागतो. तेवढं आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर माणूस महिनाभर मंजुऱ्या देतो आणि काहीच हलत नाही.

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस प्रकल्पाच्या 'कमिटफेस्ट'मधली (ठरावीक काळात पॅच तपासण्याच्या फेरीतली) एक रीत मला फार मोलाची वाटते. जो पॅच देतो त्यानं तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा एक पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. आवक वाढली की रिव्ह्यूचे हातही वाढतात. सक्ती करू नका, पण पीआरच्या टेम्पलेटमध्ये 'तपासायला सोपे पीआर' या लेबलचा दुवा देऊन विनंती ठेवा.

मात्र ढिगाच्या दडपणाखाली लिहिण्याचे हक्क वाटू नका. एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनात चोरवाट घुसवल्याच्या प्रकरणात (मार्च २०२४ मध्ये उघड झालं, आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१) आधी हेच झालं होतं: पॅच पडून आहेत, मेंटेनर लक्ष देत नाही, नवा माणूस घ्या, असा तगादा अनोळखी खात्यांनी प्रकल्पाच्या ईमेल यादीवर लावला होता. जो कोणी दुसऱ्याला हक्क द्या म्हणून घाई करतो, त्या घाईचा ढिगाशी संबंध जोडू नका. ट्रायाज आज द्या, मर्जचे हक्क सहा-आठ महिन्यांचं काम बघून, आणि रिलीजच्या किल्ल्या त्याहूनही वेगळ्या ठेवा.

प्रतिसाद १

गायब लेखकाच्या पीआरबद्दल. आधी विचारा: 'हे आम्ही पुढे नेऊ का? दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर हो समजू.' त्या मुदतीत लायसन्सची बाजू तपासा. डीसीओ (हा कोड द्यायचा आपल्याला हक्क आहे असं लेखकाचं प्रमाणपत्र) असलेल्या प्रकल्पात त्याच्या कमिटवर 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ असेल तर ती तशीच ठेवून खाली आपली जोडायची. नसेल तर त्याच्या वतीनं आपण घालायची नाही. सीएलए (कोड देणाऱ्याशी करायचा परवान्याचा करार) लागत असेल आणि त्यानं सही केली नसेल तर तो कोड घेऊ नका. ज्यानं तो वाचलेला नाही अशा माणसाकडून मूळ इश्यूवरून नव्यानं लिहून घ्या.

वाट मोकळी असेल आणि 'मेंटेनरना बदल करू द्या' ही खूण असेल तर थेट त्याच्याच ब्रँचवर ढकला, पीआर आणि चर्चा एकाच जागी राहते. फोर्क संस्थेच्या खात्यात असेल तर ही सोय मिळत नाही. मग 'रेफ्स/पुल'मधून कमिट उतरवा, चेरी-पिक करा (तेवढेच कमिट उचलून आपल्या ब्रँचवर लावा). त्यात लेखक म्हणून मूळ नावच राहतं, कमिटर म्हणून आपलं येतं. आपल्या दुरुस्त्या वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. स्क्वॉश करणार असाल तर संदेशाच्या शेवटी, एक रिकामी ओळ सोडून, 'को-ऑथर्ड-बाय' ओळीत त्याचं नाव आणि त्याच्या कमिटमधलाच ईमेल घाला. ईमेल त्याच्या गिटहब खात्याशी जोडलेला नसेल तर श्रेय खात्यावर दिसत नाही. नव्या पीआरच्या वर्णनात जुन्याचा क्रमांक, आणि जुना बंद करताना नव्याचा.

असे पीआर एका माणसाकडे एका वेळी दोनच ठेवा. पाच-सहा घेतले की तेच अर्धवट पडतात, आणि मग पाळी कोणाची हे लेबल पुन्हा आपल्याच नावावर लागलेलं असतं.